धाकटीची नजर

"ही आमची धाकटी नाही," रजनी म्हणाली, आणि वेताची टोपली आमच्या छपरीत ठेवून बाजूला उभी राहिली.

महालक्ष्म्यांचा पहिला दिवस होता. संध्याकाळी दिवे लागायच्या आत अख्ख्या मूर्तिजापुरात घरोघरी ज्येष्ठा-कनिष्ठा यायच्या होत्या. रंगवायला आलेले सगळे मुखवटे मी पहाटेपासून छपरीत मांडून ठेवले होते, प्रत्येकाखाली कापूस आणि घरच्या नावाची चिठ्ठी. न्यायला आलेल्या चार-पाच बायका हातात ताट-टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर रजनी हे बोलली.

रजनी म्हणजे मोहोडांची सून. त्यांच्या दोन्ही देव्या आदल्या संध्याकाळीच घरी गेल्या होत्या. मी टोपलीवरचं फडकं काढलं. आत कनिष्ठेचा मुखवटा होता. गोरापान, गालावर गुलाबी झाक, भुवया कोरीव. मला तर त्यात काही वावगं दिसेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"आत्याबाईंनी कापूस काढला आणि म्हणाल्या, ही कोण? थोरली आपली आहे, पण ही कोणाची बाई घेऊन आलीस. म्हणाल्या, बदलली." तिनं इतर बायकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. पण 'बदलली' हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता.

तेवढं पुरलं. एकीनं चिठ्ठीकडे न बघता आपला मुखवटा उचलला, उजेडात नेला, उलटा करून आतली माती पाहिली. मग दुसरीनं. घटकाभरापूर्वी या बायका माझ्याकडे हक्कानं चहा मागत होत्या, आता छपरीत बाजारात वांगी निवडावी तशी मुखवट्यांची उलटापालट सुरू झाली. शाडूचे जुने मुखवटे, कुणाच्या पणजीनं आणलेले. ते आम्ही ठेवून घेतले आणि नवे दिले, अशी नुसती कुजबूज जरी गावात फिरली, तरी पुढच्या भाद्रपदात आमच्या दारात कुणी टोपली ठेवणार नव्हतं. आणि हे काम गेलं तर घर जाणार होतं.

घर जाणार म्हणजे विकलं जाणार नव्हतं, बंद होणार होतं. आम्ही दोघंही निवृत्त. मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. सगळा जन्म कानाला यंत्र लावून लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, पण गावानं मला हाक मारली ती 'मास्तरीणबाई' म्हणूनच, कारण नवरा ड्रॉइंग मास्तर. मास्तरांची पेन्शन त्यांच्या संस्थेच्या आणि शिक्षण खात्याच्या भांडणात अडकून पडली होती. माझ्या पेन्शनीत दोघांचं जेवणखाण भागायचं, पण धाकट्या मुलीच्या लग्नानंतर शिल्लक काही राहिलं नव्हतं आणि स्वयंपाकघराच्या छपराचे कवेलू दर पावसाळ्यात घसरत होते. मुलगा भिलाईला. त्याचं पत्र यायचं, की आता पुरे झालं, घराला कुलूप लावा आणि इकडे या. सून वाईट नव्हती. पण तिच्या घरात मी कोणत्या डब्यात काय आहे हे विचारून चहा करणार, हे मला नको होतं. मी मुलाला कळवलं होतं, की यंदा छप्पर आमच्या कमाईतून नीट झालं तर आम्ही इथेच राहू. नाही झालं तर दिवाळीनंतर येऊ.

कमाई म्हणजे काय, तर मास्तरांचा हात. हाताला तोड नव्हती. त्यांच्या डोक्याशी मात्र माझं कधी जमलं नाही.

आधी मी ड्रॉइंगच्या परीक्षांची शिकवणी सुरू करून दिली. मुलं जमवली, पाट मांडले. महिन्याच्या आत मास्तरांनी अर्धी मुलं घरी पाठवली. पेन्सिलीला टोक काढता येत नाही त्याला चित्रकला काय शिकवायची, असं म्हणाले. मला विचारलंसुद्धा नाही. मुलं येईनाशी झाली तेव्हा मला कळलं. मग मी गेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवून देण्याचं काम आणलं. फोटोवरून मोठं चित्र. पहिलंच काम सराफ्यातल्या बाबारावांचं. त्यांचा एक डोळा तिरपा होता. मुलांनी सांगितलं, मास्तर, तेवढा डोळा सरळ करा, बाबा भिंतीवर शोभले पाहिजेत. मास्तरांनी तो होता तसाच तिरपा काढला. मुलांनी तसबीर नेली नाही. ती आमच्याच घरात राहिली आणि बाबाराव मला आणि देव्हाऱ्याला एकाच वेळी बघत राहिले.

मुखवट्यांचं काम त्यानंतरचं. हेही मीच आणलं. घरोघर जाऊन, हळदीकुंकवाला जाऊन, तुमच्या देवीचा रंग उडाला का हो, असं विचारून. दोन वर्षं चांगलं चाललं. तिसऱ्या वर्षी छपराचे पैसे निघण्याइतकी घरं झाली होती. त्या वर्षीची ही गोष्ट.

मी आत गेले. मास्तर मागच्या अंगणात ब्रश धुवत बसले होते.

"मोहोडांच्या धाकटीला काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? रंगवली."

"त्या म्हणतात त्यांची नाही."

त्यांनी ब्रशाचे केस दोन बोटांत धरून टोकदार केले, मग म्हणाले, "डोळे चुकले होते तिचे. दोन्ही बुबुळं एकाच कोपऱ्यात. कुणीतरी अडाण्यानं रंगवली असणार. मी मध्यावर आणली."

"कुणाला विचारून?"

"चूक दुरुस्त करायला विचारायचं कशाला?"

माझ्या हातात फडकं होतं. ते मी मोरीत फेकलं नाही, नीट घडी करून ठेवलं, एवढंच माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "बाबारावांचा डोळा सरळ करा म्हणून पोरं पाया पडत होती, तो तिरपा ठेवलात. आणि जिचा कुणी सांगितला नाही तिचा सरळ केलात."

"बाबाराव माणूस होता," मास्तर म्हणाले. "माणूस जसा आहे तसा काढायचा. देवीत खोट कशी असेल?"

त्यांना हे अगदी मनापासून वाटत होतं, हीच माझी अडचण होती. लबाड माणसाशी भांडता येतं. मी सांगितलं, की बाहेर बायका मुखवटे उलटेपालटे करतायत, मोहोडांच्या घरून 'बदलली' असा शब्द आलाय, मुहूर्त संध्याकाळचा आहे. तुम्हाला पटो न पटो, आत्ताच्या आत्ता बुबुळं होती तिथे न्या.

ते उठले. रजनीला छपरीत बसवलं, मुखवटा मांडीवर घेतला, नवी बुबुळं पुसली आणि दोन्ही कोपऱ्यात सारली. हे सगळं त्यांनी ओठ आवळून केलं. नको असलेलं औषध घेताना मूल करतं तसं. झाल्यावर मुखवटा रजनीपुढे धरला.

रजनीनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. देवी चकणी झाली होती. चोरून काहीतरी पाहताना सापडलेल्या बाईसारखी दिसत होती.

"अशी नव्हती जी," ती म्हणाली. "ही तर पार वेडीबिद्री केली तुम्ही."

"तुम्हाला तिरपी हवी होती, तिरपी केली," मास्तर म्हणाले आणि पुन्हा पुसली.

मग आणखी एकदा. आणि आणखी. डोळे कधी फार मोठे व्हायचे, कधी दोन बाजूंना पळायचे. खरं सांगायचं तर त्या हाताला चूक काढताच येत नव्हती. जन्मभर पोरांच्या वहीतल्या चुकांवर लाल रेघ मारणारा माणूस, त्याला सांगितलं चुकीचं काढ, तर त्याचा हात लुळा पडला. छपरीतल्या बायका आपापल्या देव्या घेऊन निघून गेल्या. एकीनंही नेहमीसारखी माझ्या हातावर साखर ठेवली नाही. जाताना त्या रजनीच्या टोपलीकडे एकेकदा बघून गेल्या.

"उठा," मी म्हटलं. "रंग घ्या. त्यांच्या घरी जाऊ."

"मी कशाला? लोक चोर म्हणतात तिथे मी येणार नाही."

"मग मी सांगते त्यांना, की मास्तरांनी देवी बदलली."

हे मी इतक्या शांतपणे म्हटलं, की ते आत जाऊन टोपी घालून आले.

मोहोडांचं घर बाजारपेठेच्या मागे. दारात सडा-रांगोळी झालेली, उंबऱ्यापासून आत कुंकवाची पावलं काढलेली. आम्ही ती पावलं चुकवत भिंतीला धरून आत गेलो. स्वयंपाकघरातून आंबील शिजल्याचा वास येत होता. मधल्या खोलीत केळीचे खांब बांधून मखर केलं होतं. त्यात दोन धडं उभी होती, हिरव्या आणि जांभळ्या शालूत. थोरलीचा मुखवटा मुहूर्ताची वाट बघत तिच्या पायाशी पाटावर ठेवला होता. धाकटीच्या पायाशीचा पाट रिकामा होता.

द्वारकाबाई, म्हणजे रजनीच्या सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणायची, भिंतीशी सतरंजीवर बसल्या होत्या. अंगानं खारकेसारख्या, आवाज मात्र पूर्ण घरभर. मी चोरीचं बोलणं काढून सफाई द्यायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"तुम्ही चोर नाही हे मले समजते, मास्तरीणबाई. माती आमचीच आहे. मी उलटून पाहिली. माती आमची, पण बाई आमची नाही." मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही काहून असं केलं, ते सांगा."

मास्तर म्हणाले, "डोळ्यांत दोष होता, तो काढला."

"दोष," द्वारकाबाईंनी तो शब्द तोंडात घोळवला. "रजने, थोरलीले बसव धडावर. मुहूर्ताले वेळ आहे, देवी रागवत नाही. आता धाकटीले बसव."

रजनीनं दोन्ही मुखवटे बसवले. धाकटीचे डोळे शेवटच्या पुसण्यानंतर नुसतेच पांढरे राहिले होते. शेजारी थोरली टपोऱ्या डोळ्यांनी सरळ समोर बघत होती.

"तुम्ही धाकटीले कुठं ठेवून रंगवलं, मास्तर?"

"स्टुलावर."

"एकटीले?"

मास्तरांनी धाकटीच्या पांढऱ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"ती एकटी कधी राहिली का?" द्वारकाबाई म्हणाल्या. "ती थोरलीकडं पाहते. माझ्या सासूनं मले पहिल्या वर्षीच इथं बसवून दाखवलं. ताट वाढलं, की धाकटी थोरलीले इचारते, बाई, बसायचं का? आणि तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला, की इचारते, बाई, निघायचं का? थोरलीनं हो म्हटल्याशिवाय ती जेवत नाही आणि उठत नाही. माझ्या सासूनं सांगितलं, या घरात असं इचारून राहायचं."

रजनी हळूच म्हणाली, "मलाही सांगितलं. दरवर्षी सांगतात."

"आणि तू कधी इचारलं का वं?" द्वारकाबाई म्हणाल्या. रजनी हसू दाबत स्वयंपाकघरात गेली.

मास्तर मखरापुढे उभे राहिले. एकदा उजवीकडून पाहिलं, एकदा डावीकडून. टोपी काढली, थोरलीच्या पलीकडच्या बाजूला खाली बसले आणि ती गुडघ्यावर ठेवली. त्यांचा चेहरा असा पडलेला मी फक्त एकदा पाहिला होता, शाळेतून निरोप घेऊन आले त्या दिवशी. मग म्हणाले, "मुखवटा द्या."

रंग काढला, डिंकाचं पाणी कालवलं, आणि ब्रश धरून तसेच बसून राहिले. बाहेर उजेड उतरत होता. शेजारच्या घरातून थाळी वाजवल्याचा आवाज आला, त्यांच्या देव्या उंबऱ्यात आल्या होत्या.

"आता काय?" मी विचारलं. मी धाकटीच्या धडाशेजारी, दाराच्या चौकटीला टेकून बसले होते.

"नजर सापडत नाही."

त्यांनी रजनीला बोलावलं आणि सासूकडे तिरकं बघायला सांगितलं. रजनीनं पाहिलं आणि तिला हसू फुटलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा भीती दिसली. द्वारकाबाई म्हणाल्या, हिच्याच्यानं काही होत नाही. मास्तरांनी पुन्हा ब्रश पाण्यात बुडवला, पुन्हा पुसला.

माझ्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय नव्हतं. शिकवणीतून हाकललेली पोरं, भिंतीवरचे बाबाराव, घसरलेले कवेलू, भिलाईचं स्वयंपाकघर आणि त्यातले ओळीनं लावलेले, मला माहीत नसलेले डबे. आणि हा माणूस ब्रश धुतोय. मी मान वळवली नाही. वळवून त्यांच्याकडे पाहिलं असतं तर लोकांच्या घरात, देवीसमोर काही बोलून बसले असते. नुसते डोळे वळवले.

"अशीच राहा," मास्तर म्हणाले.

"काय?"

"बोलू नको. भुवई हलते."

"लोकांचा मुहूर्त टळायला आला आणि तुम्ही..."

"रोज बघतेस तशी बघ. अशीच."

रोज. म्हणजे त्यांना ते रोज दिसत होतं. चहाचा कप ठेवताना, हिशेब मांडताना, त्यांनी न विचारता केलेलं काही मला कळायचं तेव्हा. दिसत होतं आणि ते खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत होते. मला इतका संताप आला, की डोळ्यांत पाणी येऊ लागलं, पण डोळे हलवायची सोय नव्हती. द्वारकाबाई माझ्याकडे बघत होत्या. रजनी दारात परात घेऊन थांबली होती. सगळं घर मला बघत होतं आणि मी नवऱ्याकडे रागानं बघत होते, तेही सांगितल्यावरून. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मुखवट्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. ब्रश दोनदा टेकला. मग आणखी एकदा, अगदी हलका, खालच्या पापणीला.

"झालं," ते म्हणाले.

रजनीनं धाकटीला धडावर बसवलं. द्वारकाबाईंनी चष्मा मागवला. उठवून घेऊन जवळ गेल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"आली," त्या म्हणाल्या. "हीच." मग मान कलती करून पुन्हा पाहिलं. "थोडी रागावल्यावाणी पाहून राहिली पण."

"वर्षभर पेटीत होती," मास्तर म्हणाले.

द्वारकाबाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. रजनीकडून मुहूर्ताची थाळी वाजवून घेतली. निघताना माझी ओटी भरली आणि दारात उभं राहून, रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की मास्तरांच्या हातात देवी आहे, पुढच्या वर्षी थोरलीच्या मुखवट्यावरचे दागिनेही त्यांच्याकडूनच रंगवून घेऊ. तो आवाज बाजारपेठेत गेला. त्या हंगामात बाकीच्यांनी कुणी काही परत आणलं नाही. दिवाळीच्या आधी कवेलू बदलले. मुलाला पत्र मीच लिहिलं.

घरी येताना रस्त्यात मी मास्तरांना म्हटलं, की निदान आता तरी काही करायचं तर आधी विचारत जा. ते म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता बाबारावांची तसबीर सराफ्यात नेऊन फुकट देऊन टाकली.

त्यानंतर पुष्कळ वर्षं आम्ही मुखवटे रंगवले. पेन्शन सुटली तरी रंगवले. मास्तर गेले ते एका दुपारी, जेवण झाल्यावर. मी भांडी विसळत होते, ते बंगईवर हलका झोका घेत आडवे झाले होते. मी चहा घेऊन आले, कप ठेवला, आणि नेहमीसारखं त्यांच्याकडे पाहिलं.

मोहोडांकडे मी अजून दरवर्षी हळदीकुंकवाला जाते. द्वारकाबाई नाहीत. आता रजनीच सासू आहे आणि आवाजही तिचा तसाच झालाय. यंदा मला सांगत होती, की अकोल्याचा एक पेंटर आला होता, म्हणाला, डोळे सरळ करून देतो. "मी म्हटलं, हात तर लावून पाहा."

बायकांची गर्दी समोर असते, म्हणून मी थोरलीच्या पलीकडे जाऊन बसते. त्या दिवशी मास्तर बसले होते तिथे. तिथून दिसतं, की धाकटी थोरलीकडे बघत नाही. तिच्या खांद्यावरून पलीकडे बघते, थेट त्या जागेकडे. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो निव्वळ राग आहे. राग आहेच. पण खालच्या पापणीला त्यांनी शेवटचा ब्रश टेकवला होता ना, त्यामुळे ती काहीतरी विचारतेय असं वाटतं. बसायचं का. निघायचं का.

आणि जिथे ती बघते तिथे आता मी बसलेली असते. ज्यांना विचारत होती, ते कधीच निघून गेले. न विचारता.